जुन्या हॅचबॅकमध्ये रोल केज आणि हार्नेस: आधी काय, नंतर काय?

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

मंडळी, कित्येक वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी वीस वर्षं जुनी, तीन दारांची हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, वजन ९०० किलोच्या घरात. इंजिनाला हात लावलेला नाही. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायर आणि सस्पेन्शन एवढंच केलंय. ट्रॅक डेला चालवत नेतो, दिवसभर पिळतो आणि तुटली नाही तर चालवत परत आणतो.

गेल्या खेपेला एका वेगाच्या वळणावर मागची बाजू सुटली. गवतात दोन गिरक्या आणि थांबली. कुठे ओरखडाही नाही. पण त्या दोन गिरक्यांत मी सीटवरून घसरून अर्धा हँडब्रेकवर बसलो होतो आणि स्टिअरिंगला लटकत होतो. त्याच रात्री ठरवलं, हार्नेस (रेसच्या गाडीतला, दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा) हवाच.

मग घाईघाईत दोन खरेद्या झाल्या. एक, चार पॉइंटचा (चार ठिकाणी बांधायचा) नवाकोरा हार्नेस. दोन, माझ्याच मॉडेलचा कुणीतरी वापरलेला बोल्ट-इन रोल केज (गाडी उलटली तर छत पेलणारा पाइपांचा सांगाडा, बोल्टने बसणारा). विकणारा म्हणाला "सीमलेस पाइप आहे (म्हणजे बिनशिवणीचा), डोळे मिटून घ्या". घेतला. (डोळे मिटूनच.) सीट अजून कंपनीचीच आहे. बकेट सीट (अंगाला कवेत धरणारी, रेसची) पुढच्या हंगामात घेईन म्हणतो, खिसा आत्ताच रिकामा झालाय.

बेत असा: आधी हार्नेस लावायचा, खांद्याचे पट्टे मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला. केज सवडीने. हे कितपत बरोबर?

---

आडवा_तिडवा

आधी कळस, मग पाया!

बाकी गवतात दोन गिरक्या मारून ओरखडा नाही म्हणजे तुम्ही नशीबवान आहात. मी त्याच प्रकारात एक बंपर, एक रेडिएटर आणि बायकोचा विश्वास गमावला होता.

---

कासवगती

वाचतोय. माझ्याही मनात हेच होतं. चार पॉइंट तीनपेक्षा बरे, असंच समजत होतो.

---

निवृत्त_नॅव्हिगेटर

धागाकर्ते, रागावू नका, पण हा क्रम उलटा आहे आणि उलटा असणं महागात पडतं. मी बरीच वर्षं रॅलीत डाव्या-उजव्या वळणांच्या नोट्स वाचल्या, नंतर तितकीच वर्षं स्क्रुटिनीच्या टेबलावर गाड्या तपासल्या. सर्वांत जास्त वेळा परत पाठवलेली गोष्ट म्हणजे तुम्ही म्हणताय तोच बेत.

कंपनीच्या पट्ट्याला कमी लेखू नका. तीन पॉइंटचा पट्टा नील्स बोलिनने १९५९ मध्ये व्होल्वोसाठी केला, तेव्हापासून गाडीचं सीट, छत, एअरबॅग सगळं त्या पट्ट्याशी जुळवूनच बनत आलंय. गाडी उलटली आणि छत खाली आलं, तर त्या पट्ट्यात माणूस कमरेतून बाजूला कलू शकतो. हार्नेसमध्ये कलता येत नाही. दोन्ही खांदे पाठीला बांधलेले, मान ताठ, आणि वरून छत येतंय. म्हणून हार्नेस लावायचा तर छत खाली येणार नाही याची सोय आधी. म्हणजे निदान रोल बार (पाठीमागची एकच कमान), शक्यतो केज.

आता केज लावलात आणि रस्त्यावर विनाहेल्मेट चालवलीत, तर डोक्याशेजारी पोलादी नळी आली. बाजूने साधी धडक बसली तरी डोकं तिच्यावर. म्हणजे केज आला की हेल्मेट आलं, आणि नळीवर पॅडिंग आलं.

हार्नेस आला की सीट आलं. तुमच्या सीटला खांद्याच्या पट्ट्यांसाठी खाचा नाहीत, मांड्यांमधल्या पट्ट्यासाठी भोक नाही. पट्टे हेडरेस्टच्या दांड्यांवरून जाणार आणि धक्क्यात खांद्यावरून निसटणार.

आणि तुमचा हार्नेस चार पॉइंटचा. यात खरी मेख आहे. समोरून धडक बसली की तुमचं वजन खांद्याच्या पट्ट्यांना पुढे ओढतं, ते पट्टे बकलला वर खेचतात, बकल कमरेच्या पट्ट्याला वर खेचतं. हाडावर बसलेला पट्टा पोटावर येतो, शरीर त्याच्याखालून पुढे सरकतं. याला सबमरीनिंग म्हणतात. पोटात हाड नाही, आतडी आणि यकृत आहे. पाचवा किंवा सहावा पट्टा मांड्यांमधून येतो तो बकलला खाली धरून ठेवायला. काही चार पॉइंट हार्नेसमध्ये एका खांद्याचा पट्टा मुद्दाम थोडा जास्त ताणला जाईल असा शिवलेला असतो, त्यामुळे शरीर किंचित वळतं आणि हे टळतं. पण ते ठरावीक गाड्यांच्या ठरावीक सीटसाठी तपासलेले असतात. तुमचा तसा आहे का ते डब्यावर लिहिलेलं असेल. नसेल तर नाही.

---

तिसरा_गिअर

काका, डब्यावर फक्त "रेसिंग" लिहिलंय. आणि एक ज्वाळेचं चित्र.

पण मग एक शंका. ट्रॅकवर दर दुसऱ्या गाडीत कंपनीच्या सीटवर हार्नेस दिसतो, त्याचं काय? सगळेच चुकतात?

---

निवृत्त_नॅव्हिगेटर

हो.

---

कासवगती

मी वेगळं मत मांडू का? धागाकर्त्याची मूळ तक्रार सीटवरून घसरण्याची आहे. तो अपघातातला बचाव नव्हे, तो बसण्याचा प्रश्न आहे. चांगलं बकेट सीट आणि कंपनीचाच तीन पॉइंटचा पट्टा एवढ्यावर माझी तीन वर्षं निघाली. गाडी रोजच्या वापरात राहते, एअरबॅग राहते, मागे सामान राहतं. केज घातला की गाडी धड रस्त्याची राहत नाही, आणि पूर्ण रेसची होत नाही.

तोवर फुकटातला उपाय: सीट दोन खाचा मागे घ्या, पट्टा लावा, झटका देऊन लॉक करा आणि लॉक धरूनच सीट पुढे आणा. कंबर आणि छाती दोन्ही घट्ट होतात. फक्त सीट खाचेत "खट्" करून बसलं का ते मागेपुढे हलवून बघा, नाहीतर पहिल्या ब्रेकला स्टिअरिंग तोंडात.

---

आडवा_तिडवा

कासवगतींना +१. सेवेन-सीटरमध्ये केज टाकायला निघालेला एक मित्र आहे माझा, त्यालाही हेच वाचायला देतो.

---

ठिणगी

उशिरा आले धाग्यावर. मी केज बनवते. पोटापाण्याचा धंदाच आहे. कासवगतींचं म्हणणं पटण्यासारखं आहे, पण वर्षाला एकदोनदा जाणाऱ्यासाठी. धागाकर्ते वेगाच्या वळणावर गाडी सोडवण्याइतके वेगात आहेत. त्या वेगाला गवताऐवजी ओली माती असती तर चाक रुतून गाडी लोळली असती. तिथून पुढे केजच.

पण तुम्ही घेतलेला केज लावण्याआधी मला त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगा. पाइपची जाडी किती, आणि शिवण आहे का?

तुलनेसाठी एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) नियमावलीतल्या परिशिष्ट जे मधले, कलम २५३ चे आकडे देते. पाइप कोल्ड ड्रॉन (थंडच ओढून काढलेला) सीमलेस कार्बन स्टीलचा, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मेन हूप, म्हणजे चालकाच्या पाठीमागची मोठी कमान, ४५ × २.५ मिमी किंवा ५० × २.० मिमी. बाकीचे सांगाडे ३८ × २.५ किंवा ४० × २.०. वाक घ्यायचा तर मध्यरेषेची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या निदान तिप्पट. वाकवताना पाइप चपटा झालाच तर लहान व्यास भागिले मोठा व्यास ०.९ च्या खाली जाता कामा नये, आणि वाकाच्या पोटात सुरकुत्या तर अजिबात नकोत. सुरकुती म्हणजे आधीच अर्धी घडी घातलेला पाइप. धडकेत तो तिथेच मिटतो.

जाडी बाहेरून कळत नाही. बाहेरून ४० मिमीचा पाइप आत दोन मिमीचा आहे की एक, हे रंगाखाली सारखंच दिसतं. म्हणून काही देशांतल्या नियमांत मेन हूपला एक तपासणीचं भोक पाडून ठेवायला सांगतात. तुम्हीही पाडा. कमी ताणाच्या जागी ५ मिमीचा ड्रिल, कड साफ करा, आत व्हर्नियरचा खोली मोजायचा दांडा किंवा वाकवलेली तार घालून आतल्या कडेला अडकवा आणि खूण करा. पाच मिनिटांचं काम.

शिवण बघायला पाइपच्या उघड्या तोंडातून टॉर्च मारा. पत्रा गुंडाळून जोडलेल्या पाइपला आतून लांबच्या लांब एक रेघ असते, बहुतेकदा बोटाला लागते.

---

खड्डेशास्त्री

ठिणगीताई, ४५ × २.५ आणि ५० × २.० यांत तुम्ही काय वापरता? आकडेमोड केली तर ४५ चा पाइप मीटरला साधारण २.६ किलो भरतो आणि ५० चा २.४. म्हणजे ५० चा हलका, आणि वाकायला विरोध मात्र त्याचाच सुमारे १५ टक्के जास्त. मग ४५ चा कोण कशाला घेईल?

---

ठिणगी

हिशोब बरोबर आहे, गाडी मात्र कागदावर नसते. लहान हॅचबॅकमध्ये पाच मिलिमीटर व्यास जास्त म्हणजे डोक्याशी तितकी जागा कमी, आणि दोन मिमीची भिंत वाकवायला कटकटीची. माझं मशीन ५० × २ वर नीट डाय नसेल तर सुरकुती पाडतंच. शिवाय पातळ भिंतीचा पाइप एका जागी घाव बसला की लवकर चेपतो, आणि चेपला की तुमचे ते १५ टक्के गेले. मी ४५ घेते. मोठ्या गाडीत ५० घेईन.

---

तिसरा_गिअर

ड्रिल मारला.

पाइप बाहेरून ४० मिमी, जाडी १.६. पायाच्या फ्लॅंजकडून टॉर्च मारली तर शिवण दिसली, बोट घातलं तर लागलीही. वर मेन हूपच्या दोन्ही खांद्यांच्या वाकाला आतल्या बाजूने रंगाखाली तीन-तीन सुरकुत्या. इतके दिवस मला ती रंगाची ओघळ वाटत होती.

विकणाऱ्याला फोन केला. "अहो, केज आहे ना, नसण्यापेक्षा बरा" म्हणाला.

---

निवृत्त_नॅव्हिगेटर

नसण्यापेक्षा वाईट. नसेल तर माणूस निदान बेतानं चालवतो.

---

आडवा_तिडवा

गॅरेजमध्ये उभा करून वेल लावा त्यावर. छान चढेल.

---

खड्डेशास्त्री

मग आता क्रोमोलीच (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) का नाही? ताकद जास्त, पातळ पाइप चालतो, वजन वाचतं.

---

ठिणगी

वाचतं, पण किती? लहान गाडीच्या सहा पायांच्या केजमध्ये डोअर बार (दारातल्या नळ्या), डायगोनल (तिरपी नळी) धरून साधारण १८ मीटर पाइप लागतो. साध्या सीमलेसमध्ये तो चाळीस किलोच्या आसपास जातो. क्रोमोलीने त्यातले काही किलो कमी होतील. पण त्याला टिग वेल्डिंग (सावकाश, नाजूक काम) हवं, फिटिंग कागद सरकणार नाही इतकं घट्ट हवं, उष्णता जपून द्यायला हवी. नाहीतर वेल्डच्या कडेची पट्टी कडक होऊन ठिसूळ होते. साधा सीमलेस पाइप चांगल्या मिगवर (तार आपोआप सोडणारं वेल्डिंग) जुळतो आणि थोडी चूक पोटात घालतो. बजेटच्या गाडीला तोच. वजन कमी करायचं तर मागची सीट, गालिचे आणि डांबरी आवरण काढा, ते तसंही वेल्डिंगच्या आधी काढावंच लागतं.

---

तिसरा_गिअर

ठरलं. बोल्ट-इन भंगारात, चार पॉइंट हार्नेस कपाटात. नवा वेल्डेड केज. पाइप कापणं, जोडाची तोंडं घासणं मी करीन, वेल्डिंग जाणत्याकडून. हे चालेल का? आणि सुरुवात कुठून करू?

---

ठिणगी

चालेल, उलट तेच करा. केजच्या कामात खरा वेळ जोडाची तोंडं बसवण्यात जातो. होल सॉने (भोक पाडायच्या गोल करवतीने) पाइपला माशाच्या तोंडासारखी खाच पाडायची आणि मग घासत-लावत, लावत-घासत. फट एक मिलिमीटरच्या आत आली पाहिजे. फट वेल्डने भरून काढू म्हणणाऱ्याच्या हातात गन देऊ नका.

सुरुवात सीटपासून. पाइप नंतर. आधी बकेट सीट तिच्या कायमच्या जागी बोल्ट करा, हेल्मेट घालून बसा, स्टिअरिंग आणि पेडल जुळवा. मग तुमच्या भोवती केज आखला जाईल. बहुतेक लोक आधी केज करतात आणि मग सीट आत बसत नाही, किंवा बसतं पण हेल्मेट नळीला टेकतं.

मेन हूप छताला आणि बी-पिलरला (दारामागच्या खांबाला) जितकी चिकटवता येईल तितकी चिकटवायची. उभी हवी, मागेपुढे १० अंशांच्या आत. मागचे बॅकस्टे (हूपला मागून टेकू देणाऱ्या तिरप्या नळ्या) उभ्या रेषेशी निदान ३० अंशाचा कोन करून मागच्या सस्पेन्शनच्या बुरुजांवर. हूपमध्ये एक डायगोनल, वरचं टोक चालकाच्या डोक्यामागे. दाराला एकच आडवी नळी नको, एकमेकींना छेदणाऱ्या दोन. बाजूने येणारी गाडी आणि तुमच्या बरगड्या यांच्यामध्ये दुसरं काही नसतं.

पाय कुठे टेकतात हे सर्वांत महत्त्वाचं. गाडीचा फरशीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यावर थेट पाइप वेल्ड केला तर गाडी उलटल्यावर पाइप मस्त राहतो आणि पत्र्यातून खाली घुसतो. खाली ३ मिमी जाडीची, निदान १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी, आणि ती सपाट फरशीवर न ठेवता सिलच्या (दाराखालच्या उंबरठ्याच्या) उभ्या भिंतीवर वळवून दोन्हीकडे वेल्ड केलेली. बोल्ट-इन असेल तर पत्र्याच्या खालूनही दुसरी प्लेट, पायाला कमीत कमी तीन बोल्ट, एम ८, ग्रेड ८.८.

---

कासवगती

एक बावळट प्रश्न. हूप छताला चिकटलेली असेल तर जोडाच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची गन जाते कशी?

---

ठिणगी

बावळट नाही, याच प्रश्नावर निम्मे घरगुती केज नापास होतात. जोड पूर्ण ३६० अंश वेल्ड झालेला हवा. छताकडचा वरचा चतकोर जात नाही म्हणून लोक तो सोडून देतात, वरून पुट्टी लावून रंग फासतात. आरशाने बघितलं की पितळ उघडं.

युक्ती अशी. पायाखाली नुसती प्लेट न घेता पत्र्याची पेटी करायची, समजा ८-१० सेंटिमीटर उंचीची. केज गाडीत उभा करायचा, जोडांना टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड) मारायचे, मग पेट्या काढून घ्यायच्या. सगळा सांगाडा पेटीच्या उंचीइतका खाली उतरतो. आता छत आणि नळीमध्ये हात जातो. वरचे सगळे जोड निवांत भरायचे. झालं की जॅक लावून सांगाडा वर चढवायचा, पेट्या खाली सरकवायच्या आणि शेवटी पाय वेल्ड करायचे. काही जण फरशीला भोकं पाडून पाय त्यातून खाली सोडतात, तेही तेच.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा, आल्टरनेटर आणि इंजिनाच्या संगणकाचे प्लग काढा, अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. छताच्या कडेतून पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतील तर केजसोबत त्या राहू शकत नाहीत, बॅटरी काढून थोडा वेळ थांबून मगच हात लावा. पेट्रोलच्या नळ्या फरशीखालून कुठून जातात ते गाडी वर घेऊन डोळ्यांनी बघा.

माझीच गोष्ट सांगते. नवखी होते. मागच्या बुरुजावर वेल्ड करत होते, आतलं सगळं साफ केलेलं. वास आला, वाटलं रंग जळतोय. मास्क वर केला तर समोर काही नाही. मागे वळले तर चाकाच्या कमानीत, पत्र्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्यात भरलेलं सीलर मेणबत्तीसारखं पेटलेलं आणि थेंब थेंब खाली टायरवर पडतंय. मी आत, आग बाहेर, दोघींच्या मध्ये पत्रा. तेव्हापासून गन माझ्या हातात असते तेव्हा दुसरा माणूस बाहेर पाण्याचा फवारा आणि अग्निशामक घेऊन उभा असतो, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसतो.

---

खड्डेशास्त्री

वाचनखूण साठवली आहे.

---

निवृत्त_नॅव्हिगेटर

केजचं ताईंनी सांगितलं, आता पट्ट्यांचं मी सांगतो.

सहा पॉइंट घ्या. लेबल बघून घ्या: एफआयए ८८५३-२०१६ किंवा एसएफआय (अमेरिकन मानक) १६.१. एसएफआयचं लेबल दोन वर्षं चालतं, एफआयएच्या लेबलवर कोणत्या वर्षानंतर बाद हे छापलेलं असतं. पट्टा उन्हात सडतो, घामाने सडतो, आणि एकदा अपघातात ताणला की संपला, दिसायला कितीही नवा असो.

खांद्याचे पट्टे. तुमचा बेत मागच्या सीटच्या बोल्टला बांधायचा होता ना? तिथून पट्टे उताराने खाली जातात. धडकेत पट्टा तुम्हाला मागे तर धरतोच, पण खालीही ओढतो, म्हणजे मणक्यावर वरून दाब. नियम ४५ अंशांपेक्षा जास्त उतार नको म्हणतो आणि १० अंशांच्या आत असावा अशी शिफारस करतो. म्हणून मेन हूपमध्ये खांद्याच्या उंचीच्या जराशी खाली एक आडवी नळी हवी, तीही ३८ × २.५ किंवा ४० × २ च्या खाली नको. पट्टे त्या नळीला गुंडाळायचे. जवळ असल्याने लांबी कमी, लांबी कमी म्हणजे ताण घेऊन वाढणंही कमी. मागून बघितलं तर पट्टे सरळ यावेत, सीटच्या मध्यरेषेशी २० अंशांपेक्षा जास्त तिरके नकोत.

गुंडाळायची रीत चुकते ती इथे. पट्टा तीन दांड्यांच्या सरकत्या बकलमधून घालायचा, नळीभोवती फिरवायचा, परत बकलमधून, आणि मग पुन्हा एकदा उलटा पहिल्या दांडीवरून आत. हा शेवटचा फेरा विसरला तर हाताने ओढून घट्ट लागतं, धडकेत सरळ निसटतं. बकल नळीला टेकलेलं हवं, शेपूट चार बोटं तरी बाहेर.

कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या खाली, मांडी जिथे वळते तिथे. तो आधी आवळायचा, जोरात, मग मांड्यांमधले, मग खांदे. लोक उलटं करतात. खांदे आधी आवळले की कमरेचा वर चढतो आणि सहा पॉइंट घेऊन पुन्हा चार पॉइंटचा घोळ.

जमिनीतले आय बोल्ट ७/१६ इंची यूएनएफ आट्यांचे असतात, खाली प्लेट घालून. बोल्टची कडी पट्ट्याच्या ओढीच्या दिशेत ठेवा. आडवी राहिली तर बोल्ट वाकतो.

आणि मानेचा आधार, हान्स. हार्नेसने धड इतकं घट्ट धरलं की हेल्मेटसकट डोकं एकटंच पुढे जातं, सगळा भार कवटीच्या बुडाशी. रॉबर्ट हबार्ड आणि जिम डाउनिंग यांनी ऐंशीच्या दशकात ते बनवलं, लोकांनी वीस वर्षं नाकं मुरडली. अवघडतं, दिसत नाही, वगैरे. फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्तीचं झालं. तुमच्याकडे पैसे उरले नसतील तर सस्पेन्शन विका आणि हे घ्या.

---

आडवा_तिडवा

काका, हेल्मेट मोटरसायकलचं चालेल ना?

---

निवृत्त_नॅव्हिगेटर

बऱ्याच ठिकाणी ट्रॅक डेला आत सोडतात. केज असलेल्या गाडीत मी घालणार नाही. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए (गाड्यांच्या रेसिंगच्या) मानकात आगीची चाचणी आहे आणि रोल बारवर वारंवार आपटण्याची वेगळी चाचणी आहे. मोटरसायकलच्या एम मानकात त्या दोन्ही नाहीत.

---

तिसरा_गिअर

दोन महिन्यांनी अपडेट. (धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.)

सीट आधी, मग केज. खाचा घासण्यात सोळा रविवार गेले असं वाटतं, प्रत्यक्षात सहा. पहिली दोन तोंडं भंगारात. तिसऱ्यापासून कागदाचा साचा गुंडाळून पेन्सिलने आखायला लागलो, तेव्हा कुठे जमलं. पेटीची युक्ती तंतोतंत केली. वेल्डरने आधी "वरून कोण बघतंय" म्हणून बघितलं, मग गपगुमान वरचे जोड भरले. आरसा घेऊन एकेक तपासला. एका जोडात सुईच्या टोकाएवढं भोक होतं, ते घासून पुन्हा भरलं.

हेल्मेट जिथे लागू शकेल तिथे एफआयए ८८५७-२००१ टाइप ए पॅडिंग लावलंय. आधी पाण्याच्या पाइपला घालतात तो फोम आणला होता, तो बोटाने दाबला तर नळी लागते. काढला.

सहा पॉइंटचा हार्नेस, हान्स, एसए हेल्मेट. गाडी आता ट्रेलरवर जाते. कासवगती, तुमचं तेवढं खरं ठरलं, रस्त्यावरची गाडी गेली.

काल गॅरेजमध्येच सगळं चढवून बसलो आणि काका म्हणाले त्या क्रमाने आवळलं. मग लक्षात आलं की मला काहीच हाताला लागत नाही. दाराची खिटी डोअर बारच्या मागे गेलीय. बॅटरीचा कटऑफ स्विच मी हौसेने पॅसेंजरच्या पुढ्यात लावलाय, तिथे पोचायला आणखी एक हात हवा. हँडब्रेक बोटांच्या टोकांना. मुलाला घड्याळ घेऊन उभं केलं, "आग" म्हणायला सांगितलं आणि बाहेर पडायचा प्रयत्न केला. हान्स डोअर बारच्या वरच्या नळीत अडकला. एकोणचाळीस सेकंद. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही जळालात."

---

ठिणगी

एकोणचाळीस वाईट नाहीत, पहिल्यांदा मी स्टिअरिंगमध्येच अडकले होते. स्टिअरिंगला क्विक रिलीज लावा. खिटीला कापडी पट्टा बांधून तो नळीच्या पुढे आणा. कटऑफ स्विच दोन्ही बाजूंना, एक आतून तुमच्या हाताशी आणि एक बाहेरून मार्शलला (ट्रॅकवरच्या मदतनीसाला) ओढता येईल असा. आणि अग्निशामकाचा कंस आत्ता आहे तिथून हलवा, तो पट्टे आवळल्यावर तुमच्या हाताला लागणार नाही.

---

निवृत्त_नॅव्हिगेटर

आधी पाय वर घ्या, डोकं बाहेर, मग धड. डोकं खाली घालून हान्सची मागची कड नळीखालून काढायची. डोळे मिटून करायचं. धुरात काही दिसत नाही. बाहेर पडायची ही कवायत आमच्या वेळी प्रत्येक रॅलीच्या आदल्या संध्याकाळी व्हायची.

---

तिसरा_गिअर

खिटीचा पट्टा झाला, स्विच उजवीकडे आला, अग्निशामक सीटच्या पुढच्या कडेला. आज संध्याकाळी डोळे मिटून चौदा सेकंद. मुलगा म्हणतोय अजून थोडे भाजलात. शनिवारी ट्रॅकवर जातोय.